अकरा वेळा परत आणलेलं चित्र

६ फेब्रुवारी

भाऊजी,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून बिचकू नका. फोनवर मला रडू येतं आणि तुम्ही गप्प बसता. मी रडत असते, तुम्ही ऐकत असता, आणि जे बोलायचं होतं ते दोघांचंही राहून जातं. पत्रात निदान वाक्य पुरं होतं.

नव्या जागेत आम्हा मायलेकींचं बस्तान बसलं. दोन खोल्या आहेत, शाळेपासून सात मिनिटांवर. त्या शाळेने मला प्रयोगशाळेत कामाला घेतलंय. बाटल्या धुवायच्या, त्यांच्यावर चिठ्ठ्या लावायच्या, मुलांनी फोडलेल्या नळ्यांची नोंद ठेवायची. लेक अकरावीत रुळतेय. हे जाऊन परवा चार महिने झाले. तिने कॅलेंडरकडे बघितलं आणि पान उलटलं.

एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी हे गाडी शिकवत असताना त्या शिकाऊ बाईंनी ती भिंतीत घातली होती, आठवतंय ना? बरगड्या बघायला म्हणून तुमच्याच हॉस्पिटलात छातीचा स्कॅन काढला. बरगड्या शाबूत निघाल्या. हे वर्षभर सांगत सुटले होते की भिंत बदलावी लागली, मी नाही. तेव्हा हॉस्पिटलने स्कॅनची एक डिस्क घरी दिली होती. पुढे आवराआवरीत ती हाताला लागली, तेव्हा मी तुम्हाला फोन करून विचारलं, ठेवू की टाकू. तुम्ही म्हणालात, खुशाल टाका वहिनी, आमच्याकडे सगळं जपलेलं असतं. मी टाकली.

त्यात तुमचा दोष नाही. हॉस्पिटल दोन वर्षांतच जुनी चित्रं काढून टाकतं हे तुम्हाला तरी तेव्हा कुठे ठाऊक असणार. दोष माझा आहे, आणि तो वेगळाच आहे. गेल्या वर्षी ह्यांच्या छातीत डाग दिसला, डॉक्टरांनी जुनं चित्र मागितलं, तुमच्याकडून मुदत संपल्याचं उत्तर आलं. मग ह्यांनी घरात डिस्क शोधायला घेतली. तीन दिवस कपाटं उपसली. आणि भाऊजी, मी त्यांच्याबरोबर शोधत होते. गादीखाली हात घालत होते. टाकली म्हणून सांगायला माझी जीभच उचलली नाही. डॉक्टर म्हणाले, जुनं चित्र नाही तर तीन महिने थांबू, पुन्हा काढू, वाढतोय का बघू. त्या तीन महिन्यांत जे व्हायचं ते झालं.

खरं सांगा. ती डिस्क असती तर?

तुमची,
वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमा करा.

डिस्कचं मनाला लावून घेऊ नका. अशा डिस्का घरात पडून पडून खराब होतात. असती तरी उघडली असती असं नाही. डॉक्टरांना त्यातून काय कळलं असतं हेही कुणी सांगू शकत नाही. तुम्ही दादाचं जेवढं केलंत तेवढं कुणी केलं नसतं.

इकडे काम फार आहे. आमची साठवण भरत आली. पूर्वी एका स्कॅनची पन्नास-साठ चित्रं निघत, नव्या यंत्रातून पाचशे निघतात. संचालक मॅडमनी मला एक टिपण लिहायला सांगितलं आहे: हॉस्पिटलला साठवणीच्या यंत्रणेकडून नेमकं काय हवं. ते बघून नवीन यंत्रणा घेतील. मी विभागाविभागांत विचारत फिरतो. डॉक्टरांना चित्र तीन सेकंदांत पडद्यावर हवं. प्रशासनाला खोली लहान हवी आणि पाच वर्षं पुन्हा विषय निघायला नको. कायदा बघणाऱ्या बाईंना कुणालाच काही पुसता येऊ नये असं हवं. कंपन्यांची माणसं येतात. आमची यंत्रणा नव्व्याण्णव पूर्णांक नऊ नऊ टक्के चालू असते, असं एक सांगतो. दुसरा त्यात आणखी दोन नऊ घालतो.

पुतणीला आशीर्वाद. तब्येतीला जपा.

आपला,
भाऊजी


३ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून ह्यांची आठवण आली. ते म्हणायचे, माझा भाऊ हॉस्पिटलच्या कपाटाचा वॉचमन आहे, किल्ली सांभाळता सांभाळता तोंडालाही कुलूप लावून बसलाय. मी काय विचारलं आणि तुम्ही काय लिहिलंत ते एकदा ताडून बघा. दहा ओळी नऊ आकड्यावर आहेत.

तुम्ही मला बरं वाटावं म्हणून लिहिलंत हे कळतं. पण आता नुसतं बरं वाटून भागणार नाही. लेकीला कळलं. तिने मध्ये एकदा सहज विचारलं, बाबा शोधत होते ती डिस्क सामान हलवताना सापडली का. मला खोटं बोलवेना. टाकली होती म्हटलं. तिने ताट बाजूला सारलं आणि ती म्हणाली, “आई, तू बाबांबरोबर शोधत होतीस.”

एवढंच. त्याला अकरा दिवस झाले. हाक मारली तर येते, सांगितलं ते काम करते, बोलत नाही.

तुमच्यावर तिचा विश्वास आहे. काका उगाच काही बोलत नाही असं ती म्हणते. म्हणून तिला तुम्ही लिहा. डिस्क असती तरी फरक पडला नसता, हे तुमच्या शब्दांत लिहा. खरं-खोटं मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. पण लिहा.

तुमच्या टिपणाचं म्हणाल, तर आमच्याकडेही एक कपाट आहे. पहिल्याच आठवड्यात विज्ञानाच्या बाईंनी मला शिकवलं, की बाटलीवर चिठ्ठी आहे म्हणून आत तेच आहे असं समजायचं नाही. माझ्या आधीच्या माणसाने चिठ्ठ्या सुरेख अक्षरात लावल्या होत्या. उघडून बघितलं तर चार बाटल्यांत नळाचं पाणी. मुलं वर्षभर त्यात काही घालून काही होत नाही असं वहीत लिहीत होती. आम्ही दोघी हसून हसून दमलो. घरी येऊन लेकीला सांगायला गेले आणि आठवलं, ती बोलत नाही.

वाट बघते.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

पुतणीला पत्र लिहायला तीनदा बसलो. जमलं नाही. चौथ्यांदा बसणार आहे.

इकडे टिपणाची मुदत पंधरा दिवस वाढवून घेतली. मॅडम म्हणाल्या, तुम्ही इतका वेळ घेताय म्हणजे काम नीट करताय. तुमच्याबद्दल आमची कधीच तक्रार नव्हती, असंही म्हणाल्या.

दादाची ती निळी टोपी तुमच्याकडे आहे का? नसेल तर माझ्याकडे राहिली असेल, शोधतो.

जास्त काय लिहू.

भाऊजी


९ एप्रिल

भाऊजी,

टोपी माझ्याकडे आहे. तुम्ही शोधू नका. या घरात शोधाशोध पुष्कळ झाली.

लेक आठ दिवसांपूर्वी मावशीकडे राहायला गेली. भांडून गेली असती तर बरं झालं असतं. डबा घेतला, दप्तर घेतलं, म्हणाली मावशीकडून कॉलेज जवळ पडतं. तुम्ही पत्र पाठवलं नाहीत. पाठवलं असतंत तर थांबली असती असं मी म्हणत नाही.

आता दुसरं. गुडघा दुखतो म्हणून इथल्या हॉस्पिटलात गेले होते. चित्र काढलं. खिडकीवरच्या क्लार्कला मी म्हटलं, डिस्क द्या, तुम्ही दोन वर्षांनी काढून टाकता ना. तो हसला. म्हणाला, कोण म्हणतं? दहा वर्षं ठेवावंच लागतं, आम्हालाच काय, सगळ्यांना तोच नियम. मी घरी आले आणि तुमच्या हॉस्पिटलची जुनी पावती काढली. मागे बारीक अक्षरात छापलंय. दहा वर्षं.

मी फार विचार केला. मला वाटतं, तुमच्याकडे वरच्या कुणाच्या तरी हातून काही घडलं, आणि तुम्ही त्यांना सांभाळून घेताय. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. तुमची नोकरी आहे, तुम्हाला बोलता येत नसेल. मी तक्रार करणार नाही, कागदावर तुमचं नाव कुठे येऊ देणार नाही. मला फक्त एवढंच कळू दे, की चूक त्यांची होती. मग मी लेकीकडे जाईन आणि म्हणेन, मी डिस्क टाकली ते खरं, पण जपण्याचं काम माझं नव्हतं.

कोण आहे ते?

वहिनी


१४ एप्रिल

वहिनी,

हे पत्र निवांत असताना वाचा.

वरचं कुणी नाही. मी आहे.

आमच्याकडे वर्षाहून जुनी चित्रं रोज रात्री टेपांवर उतरवतात. महिन्याची एक टेप. उतरवून झाली की मोठ्या डिस्कांवरून ती पुसायची आणि नव्यांना जागा करायची. टेपेवर लिहून झाल्यावर यंत्र तीच टेप पुन्हा पहिल्यापासून वाचतं आणि मूळ चित्राशी ताडून बघतं. त्याला लिहिण्याइतकाच वेळ लागतो. दोन वर्षांपूर्वी चित्रं इतकी वाढली, की ते ताडणं सकाळच्या तपासणीच्या वेळेपर्यंत लांबायला लागलं. डॉक्टरांच्या पडद्यावर चित्र यायला वेळ लागू लागला. रोज फोन यायचे. एकाने विचारलं, तुम्ही तिथे खाली झोपा काढता का. मी ताडणं बंद केलं. आठवडाभरासाठी म्हणून केलं. फोन थांबले. मला बरं वाटलं, आणि आठवड्याचे आठ महिने झाले.

त्या आठ महिन्यांत लिहिणाऱ्या यंत्राचा एक भाग झिजला होता. टेप भरायची, हिरवा दिवा लागायचा, ‘पूर्ण’ असं उमटायचं. आत जे लिहिलं जात होतं ते परत वाचता येण्यासारखं नव्हतं. मी हिरवा दिवा बघून मूळ चित्रं पुसत गेलो. आठ टेपा. पुढे ते यंत्र दुसऱ्याच कारणाने बदललं. नव्या यंत्रात ताडणं आपोआप चालू होतं, म्हणून पुढच्या टेपा ठीक निघाल्या. मला काही कळलंसुद्धा नाही.

कळायला हवं होतं. त्यासाठीच एक नियम आहे. दर तीन महिन्यांनी मी टेपांवरून एखादं जुनं चित्र परत आणायचं, उघडून बघायचं, फॉर्म भरून सही करायची. मी हे काम एकदाही चुकवलं नाही. पण दर वेळी एकच चित्र आणलं. स्कॅनचं यंत्र नीट आहे ना हे बघायला तंत्रज्ञ रोज सकाळी पाण्याने भरलेला एक डबा त्यात ठेवून त्याचं चित्र काढतात. तसलं एक लहानसं चित्र पहिल्या टेपेच्या सुरुवातीलाच होतं. दोन मिनिटांत यायचं. कुणा रोग्याची माहिती उघडावी लागत नाही, परवानगी मागावी लागत नाही. फॉर्मवर कोणतं चित्र आणलं असा रकानाच नाही. मी अकरा वेळा पाण्याचा डबा परत आणला आणि अकरा वेळा सही केली. तुमच्या शाळेतल्या चार बाटल्यांचं वाचलं तेव्हा मी पत्र घडी करून खिशात ठेवलं. ते अजून त्याच खिशात आहे.

दादाचं जुनं चित्र डॉक्टरांनी मागवलं तेव्हा मी स्वतः टेप लावली. ती वाचेना. मी तीन दिवस प्रयत्न केला. माझं उत्तर गेल्यावर तुम्ही दोघांनीही घरात तीनच दिवस कपाटं उपसलीत. मग मी त्याच्या पुढची-मागची टेप लावली. मग सगळ्या. आठ टेपा मेलेल्या आहेत हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांना लेखी उत्तर द्यायचं होतं. रकान्यात मी ‘मुदत संपल्यामुळे उपलब्ध नाही’ असं लिहिलं. त्यांच्याकडे वीस रोगी बसलेले असतात. त्यांनी नियम उघडून बघितला नाही. मी सांभाळतो म्हटल्यावर कुणी बघत नाही.

दादाला वॉर्डात भेटायला गेलो होतो. तुम्ही औषध आणायला खाली गेला होतात. त्याने विचारलं, “माझा जुना फोटो तुझ्या कपाटात नाही ना रे?” मी म्हटलं, मुदत संपली दादा. तो म्हणाला, “असू दे. कपाट लहान असेल.” आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं, मला वाईट वाटतंय म्हणून मी खाली बघतोय.

डॉक्टरांना मी नंतर आडून विचारलं, जुनं चित्र असतं तर काय झालं असतं. ते म्हणाले, डाग वाढल्याचं त्याच दिवशी दिसलं असतं, थांबलो नसतो. वाचला असता का ते सांगता येणार नाही. मी एवढं वाक्य धरून बसलो होतो, सांगता येणार नाही. तुम्हालाही पहिल्या पत्रात तेच चिकटवलं. डिस्का खराब होतात हे खरं आहे. पण तुमची खराब झाली होती असं मला वाटत नाही. तुम्ही ती टाकलीत, कारण मी टाका म्हटलं. मी छाती फुगवून म्हटलं होतं, हेही आठवतं.

तुमची लेक तुमच्याशी बोलत नव्हती आणि मला ते माहीत होतं. तरी मी टोपीबद्दल लिहिलं. याहून खाली जायला जागा आहे का मला माहीत नाही.

हे पत्र तिला दाखवा. मला उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

तुमचा अपराधी,
भाऊजी


२८ मे

भाऊजी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण जे लिहायचे ते फाडून टाकत होते.

तुमचं पत्र घेऊन मी मावशीकडे गेले. लेकीला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं. मग उठून आपले कपडे पिशवीत भरायला लागली. घरी आली. माझ्याशी बोलते. तुमचं नाव काढत नाही आणि मी काढलं तर खोलीतून जाते.

तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते मी आत्ता लिहिणार नाही. लिहिलं तर ते कायमचं राहील, आणि ते रोज बदलतं. एक दिवस वाटतं, या माणसाला मी सख्ख्या भावासारखं वागवलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझं घर फुटत असताना तो नुसता बघत बसला. दुसऱ्या दिवशी वाटतं, ह्यांनी तुमच्या पाठीवर हात ठेवला होता. मला तुमच्या चुकीचा राग तेवढा नाही. माणूस चुकतो, कंटाळतो, आठवडाभरासाठी म्हणतो. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तुम्ही मला त्या डिस्कखाली राहू दिलंत, त्याचा आहे.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. ह्यांनी शेवटी डॉक्टरांना सांगितलं होतं, की डिस्क आपल्याच हातून हरवली. मी समोर उभी होते. डॉक्टर मला काही बोलू नयेत म्हणून असेल, किंवा त्यांना खरंच तसं वाटलं असेल. मी तेव्हाही गप्प. म्हणजे आपण दोघांनीही त्यांना फसवलं, आणि त्यांनी दोघांनाही सांभाळून घेतलं. हे मी तुमचं ओझं हलकं व्हावं म्हणून लिहीत नाही. मला कुणाला तरी सांगायचं होतं.

आता एकच विचारते. आठ महिन्यांच्या आठ टेपा. त्यांत ह्यांच्याशिवाय किती माणसं आहेत? त्यांच्यातलं कुणी उद्या डॉक्टरांपुढे बसेल आणि डॉक्टर जुनं चित्र मागतील. तेव्हा तुम्ही काय लिहिणार? मुदत संपली? तुम्ही मला सांगितलंत ते बरं केलंत. पण मला सांगून आता काही वाचत नाही. त्यांना सांगितलंत का?

वहिनी


१६ जून

वहिनी,

एक हजार नऊशे चाळीस माणसं आहेत.

त्यांना सांगितलं नव्हतं. तुमचं पत्र येईपर्यंत, खरं सांगायचं तर, ती माणसं मला डोळ्यांसमोर दिसलीच नव्हती. मला फक्त दादा दिसत होता. शरमेतसुद्धा मी आपल्यापुरतंच बघत होतो.

पत्र आलं त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मी संचालक मॅडमकडे गेलो. आठ टेपा एका पिशवीत घालून नेल्या. का नेल्या माहीत नाही, त्यांना बघून काय कळणार होतं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “कुणाच्या लक्षात आलं हे?” मी म्हटलं, कुणाच्याच नाही. त्या म्हणाल्या, “मग आज कशाला सांगताय?” त्या रागाने विचारत नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. मी दादाचं सांगितलं. मग त्यांनी दार लावून घेतलं.

चौकशी बसली. मला साठवणीच्या कामावरून काढलं आहे. किल्ली, पासवर्ड, सगळं त्याच दिवशी काढून घेतलं. हॉस्पिटलातून काढलेलं नाही, निकाल लागेपर्यंत नोंदणी विभागात बसवलं आहे. खाली माझ्या हाताखाली काम केलेली माणसं जिन्यात भेटली की घड्याळाकडे बघतात. एक जण म्हणाला, सगळेच तसं करतात, तू उगाच बोललास. त्याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

टिपण मात्र मॅडमनी माझ्याकडूनच पुरं करून घेतलं. तीन सेकंद, लहान खोली, पुसता न येणं, ते सगळं आहेच. त्याच्या आधी पहिल्या क्रमांकावर मी लिहिलं: ठेवलेलं परत मागितल्यावर मिळतं की नाही, हे दर आठवड्याला बघायचं. कोणतं मागायचं ते साठवण सांभाळणाऱ्याने ठरवायचं नाही, डॉक्टरांनी ठरवायचं आणि आयत्या वेळी सांगायचं. कंपनीचा माणूस वाचून म्हणाला, हे यंत्रणेचं नाही, माणसांचं आहे, हे आमच्या यादीत बसत नाही. मॅडम म्हणाल्या, मग तुमची यादी बदला.

एक हजार नऊशे चाळीस जणांना हॉस्पिटलकडून पत्रं जात आहेत. तुमचं जुनं चित्र आमच्या हलगर्जीपणामुळे नष्ट झालं आहे, मुदत संपल्यामुळे नाही. घरी डिस्क असेल तर आणून द्या, आम्ही उतरवून घेऊ. नसेल तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना हे पत्र दाखवा. मसुद्यात आधी ‘तांत्रिक कारणामुळे’ होतं. मी ते बदलायला लावलं. सही कुणाची यावर दोन दिवस गेले, कुणी करायला तयार होईना. मी केली. प्रत्येक पत्रावर हाताने करतो आहे. शिक्का आहे, पण तो वापरला नाही.

पत्ते यादीतून येतात. काल दादाचं नाव आलं. गेलेल्यांची नावं वेगळी काढतात, त्याचं राहून गेलं होतं. मी ते बाजूला ठेवू शकलो असतो. ठेवलं नाही. तुमच्या नव्या पत्त्यावर पाठवलं आहे. चुकलं असेल तर आत्ताच माफी मागतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. आतापर्यंत तीनशे सहा जणांनी घरून डिस्का आणल्या. दोनशे एक्क्याऐंशी नीट उघडल्या.

भाऊजी


११ जुलै

भाऊजी,

दोनशे एक्क्याऐंशी. हा आकडा तुम्ही लिहिलात, कारण तुम्हाला आता लपवायचं नाही. ते मला समजलं. तरी तो वाचल्यावर मी दोन दिवस शाळेत गेले नाही.

ह्यांच्या नावाचं पत्र आलं. पोस्टमनने नाव वाचून विचारलं, साहेब आहेत का, सही लागेल. मी म्हटलं मी करते. उघडायचं धाडस झालं नाही, टेबलावर ठेवून दिलं. लेक कॉलेजातून आली, तिने उघडलं. उभ्याउभ्या वाचलं. मग म्हणाली, “सही काकाची आहे.” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “खरी आहे, शाई मागून उमटलीय.” पत्र तिने फाडलं नाही, मला परतही दिलं नाही. आपल्या वह्यांत ठेवलं. का, ते मी विचारलं नाही. तुम्हीही त्याचा काही अर्थ लावू नका.

मी डिस्क टाकली आणि शोधल्याचं नाटक केलं, त्याबद्दल मी तिची माफी मागितली. आधी मागितली नव्हती, नुसती कारणं सांगितली होती. ती म्हणाली बघू. सोळाव्या वर्षी बघू म्हणणारी मुलगी पुढे काय करेल कोण जाणे, पण ती निदान घरात आहे.

तुम्ही भेटायला येऊ का असं कुठे लिहिलं नाहीत. मी वाचताना दर ओळीत शोधत होते, की हा माणूस आता विचारेल. विचारलं नाहीत ते बरं केलंत. येऊ नका. दार उघडून तुम्हाला या म्हणण्याइतकी मी सावरलेली नाही, आणि तुम्ही मान खाली घालून बसलात तर ह्यांच्यासारखा मीही तुमच्या पाठीवर हात ठेवीन. मला तो इतक्यात ठेवायचा नाही.

पत्र मात्र थांबवू नका. चौकशीचं काय झालं ते कळवा, जेवता काय ते कळवा, किती जण उरले ते कळवा. मला तुमच्यावर अजून पुष्कळ रागवायचं आहे, आणि त्यासाठी समोर माणूस लागतो.

वहिनी